मागितलेली मुळी लागत न्हाई

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतोय, हे अख्ख्या गल्लीला ठावं हाय. झुबेदाभाभीचं सांगायला माझ्यापरास थंड डोक्याची बाई मिळाली असती तर बरं झालं असतं. पण तिच्या भिंतीला भिंत लावून चाळीस वर्सं काढली ती मी, ह्या सुलाबाईनं. तवा मीच सांगणार. मधी कुणी बोलू नगा.

वडूजात आमची गल्ली म्हंजे एका अंगाला धनगरांची चार घरं, दुसऱ्या अंगाला पिंजाऱ्यांची तीन. आमचं मालक, भाऊसो त्यांचं नाव, आता ते न्हाईत तर नाव घ्यायला कसली लाज, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन जे भाईर पडायचं ते आषाढातच परत यायचं. पलीकडं भाभीचं मालक इलाहीभाई कापूस पिंजून गाद्या भरायचं आन भाभी त्या गाद्यांना टाकं घालायची. आमच्यात लोकर, त्यांच्यात कापूस. दोन घरांच्या मधी छातीएवढी दगडी भिंत, आन भिंतीच्या पलीकडं भाभीची न्हाणी.

न्हाणी म्हंजे काय, घासून घासून गुळगुळीत झालेला एक मोठा दगड, आडोशाला पत्रं आन पाणी जायाला चर. त्या चराच्या तोंडाला भाभीचा गवती चहाचा ठोंब. कमरेच्या वर उंच, दोन हातांच्या कवेत मावायचा न्हाई. आमचा खटाव तालुका पाण्याला महाग. प्यायाचं पाणी टँकरनं यायचं, तिथं झाडाला कोण घालतंय? भाभीच्या ठोंबाला निराळं पाणी कुणी कवाच घातलं न्हाई. घरची माणसं आंघोळ करायची, तेच पाणी त्याला. इलाहीभाईच्या अंगावरचा कापूस धुऊन जायचा तो बी तिकडंच. आन गल्लीतल्या बाळंतिणी आन त्यांची पोरं न्हाऊ घालायची भाभीच, त्याच दगडावर. पाय लांब करून बसायची, पोराला नडग्यांवर पालथं घालायची आन असं चोळायची की रडणारं पोर रडायचं इसरून झोपायचं. त्या समद्या पोरांच्या अंगावरचं पाणी त्या ठोंबानं प्यालं. इलाहीभाई म्हणायचं, ह्या चहाला अख्ख्या गल्लीचा वास हाय, पर कुणाला सांगू नगा, प्यायचं बंद करतील.

भाभी मूळची इस्लामपूरची. उसाच्या मुलखातली, पाणी बघत वाढलेली. लग्न होऊन इकडं यायला निघाली तवा तिच्या आईनं काय केलं, परसात चहाच्या ठोंबाजवळ खुरपं ठेवलं, घरात गेली आन दार लोटून घेतलं. ह्या पोरीनं मुळी उपटली, ओल्या फडक्यात गुंडाळली आन एसटीत मांडीवर घेऊन बसली. कराडला गाडी बदलली तवा फडकं वाळलं हुतं, तर प्यायाच्या तांब्यातलं पाणी शिंपडलं. हे तिनं मला लय वर्सांनी सांगितलं. आधी सांगितलं असतं तर माझं निम्मं भांडण वाचलं असतं.

तर भांडणाचं सांगते. माझं लग्न होऊन दोन वर्सं झालती. पैल्या बाळंतपणाला म्हायेरी गेले हुते, ती धनाजीला सहा महिन्याचा घेऊन परत आले. पोराच्या छातीत कफ. माझ्या सासूबाई, रंगुबाई, म्हणाल्या, गवती चहाची वाफ दे, भाभीकडनं चार पाती आण. मला वाटलं, रोज रोज पाती काय मागायची, मुळीच मागू, आपल्या दारात लावू. वाटीभर तूप घेतलं आन गेले. रिकाम्या हातानं मागायची आमची रीत न्हाई.

भाभीनं तूप घेतलं, वाटी धुऊन तिच्यात साखर घातली, पात्यांची जुडी बांधून दिली. मी म्हटलं, "भाभी, एक मुळी बी द्या की."

तर ती हासली. म्हणाली, "मुळी कुणी मागतंय व्हय? मागितलेली मुळी लागत न्हाई. चोरून न्यायची असती. दुपारी मी आत असते, तवा ने."

आता हे ऐकून दुसरी कुणी हासली असती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. का, ते सांगते. आमी मेंढकं, मेंढरांमागं फिरणारी. मी लहान असताना माझ्या बापाची मेंढरं जिथं बसायची तिथं सकाळी गावकरी यायचं. कुणाचा हरभरा गेला, कुणाची दावण गेली, कुणाची कोंबडी गेली. गेली कुणी ते देवाला ठावं, पर नाव आमच्या मेंढरांच्या वाड्याचं. एका गावात तर माझ्या बापाला चावडीत उभा करून पागोटं काढायला लावलं. चोरी झालती ती भांडी दोन दिवसांनी त्यांच्याच आडात घावली. पागोटं काढलेला बाप मी बघितला हुता. आठ वर्साची हुते मी.

आन ही बया मला हासून सांगतीया, चोरून ने.

मी साखरेची वाटी तिच्या उंबऱ्यावर ठेवली. जुडी बी ठेवली. समदी गल्ली ऐकंल असं म्हटलं, "आमी धनगर असू, चोर न्हाई. मेले तरी तुझ्या दारातली काडी चोरायची न्हाई." आन फिरले. मागं वळून बघितलं न्हाई, पर ती तशीच उभी हुती म्हणं, पदर तोंडाला लावून.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या जात्यावरनं उठून हासाय लागल्या. "येडे, अख्ख्या गल्लीनं तिच्यातनं चोरलीया. मी बी चोरलीया. ती दर आषाढात दगडावर खुरपं ठेवती आन दार लावून आत बसती. तिच्या म्हायेरची रीतच हाय ती."

"मग तुमची कुठं हाय?"

"शेळीनं तुडवली. तुझी आन माझी बुद्धी तुडवली न्हाई म्हणून सांगते, जा, माफी माग."

गेले न्हाई. चूक माझी हाय हे त्याच मिंटाला कळलं हुतं, खोटं कशाला बोलू. पर समद्या गल्लीपुढं बोलून बसले हुते. सुंभ जळला तरी पीळ जाईना. भाभीला माझ्या बापाचं पागोटं ठावं नव्हतं, तिला एवढंच वाटलं की आपण काय तरी वंगाळ बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर बघते तर दोन पाती, एकमेकाला गाठ मारलेली. भाभीची चहाची पद्धतच तशी. पात कापायची ती जमिनीपासनं चार बोटं सोडून, धुवायची, मधी दुमडून गाठ मारायची, म्हंजे चहात तुकडं सुटत न्हाईत आन गाठ उचलून टाकता येती. मी बघितलं न बघितल्यागत केलं. सासूबाईंनी उचलली, आधणात टाकली. तो चहा मी प्याले. बोलत नव्हते, पर पीत हुते.

असं तीन वर्सं चाललं. रोज सकाळी भिंतीवर गाठ, रोज आमच्या चुलीवर चहा, आन आमच्या दोघींत एक सबूद न्हाई.

मग माझी संयोगिता झाली. पौषातली थंडी. मालक मेंढरं घेऊन लांब, सासूबाई तापानं पडलेल्या. पाचव्या दिवशी मी पोरीला घेऊन पडले हुते, तर दार ढकलून भाभी आत. हातात गरम पाण्याची कळशी. काय इचारलं न्हाई, सांगितलं न्हाई, पोरगी उचलली, नडग्यांवर घातली. तिचं झाल्यावर मला म्हणाली, "ऊठ. पाठ कर." माझ्या पाठीवर तिचा हात पडला आन मला रडू फुटलं. म्हटलं, "भाभी, माझ्या बापाला लोक चोर म्हणायचं." तिचा हात थांबला. मग तिनं माझ्या पाठीवर पाणी वतलं आन म्हणाली, "मला कुठं ठावं हुतं गं." त्या दिवसापासनं आमी बोलाय लागलो ते आजपतोर.

पर मुळीचं राहिलंच. ती कवा म्हणाली न्हाई, मी कवा चोरली न्हाई. तिच्या हिशोबी पात देता येती, मुळी देता येत न्हाई. माझ्या हिशोबी सबूद म्हंजे सबूद. दर आषाढात दगडावर खुरपं दिसायचं, दार लोटलेलं असायचं, बायका जायच्या, पदराखाली मुळ्या घेऊन यायच्या. मी भिंतीच्या अलीकडं भाकरी थापत बसायची. आन सकाळी भिंतीवर गाठ.

वर्सं अशीच गेली. सासूबाई गेल्या. गाद्यांचं मशीन आलं, पिंजण खुंटीला लागली. आमचं मालक गेलं, मेंढरं इकली, धनाजी मिलिट्रीत गेला, त्याचं लगीन झालं, सून समीक्षा घरात आली. इलाहीभाई गेलं. त्या दिवशी भाभी दगडावर बसून राहिली हुती, मी तिच्या शेजारी. ठोंबाची पात वाऱ्यानं अंगाला लागत हुती. ती म्हणाली, "आता एकाच माणसाच्या आंघोळीचं पाणी ह्याला." मी म्हटलं, "तू दोन येळा कर आंघोळ." ती हासली. त्या दिवशी तिला हासवलं ह्याचं मला अजून बरं वाटतं.

गल्लीत गटार झालं, समद्यांनी फरशीच्या बाथरूमा बांधल्या, पाईप आली, पाणी जमिनीखालनं जाय लागलं. चोरलेले समदे ठोंब एकेक करून वाळलं. कुणाच्या ध्यानात बी आलं न्हाई. ऱ्हायला तो भाभीचा, कारण तिनं न्हाणी बदलू दिली न्हाई.

त्याच न्हाणीत ती गेल्या फाल्गुनात पडली. गुडघा गेला. तिचा वसीम इस्लामपुरात गादी-सोफ्याचं दुकान चालवतोय, तो आन त्याची बायको सिमरन गाडी घेऊन आले. पोरगं चांगलं हाय, वाईट म्हणणार न्हाई. म्हणाला, "अम्मी, आता एकटं न्हाई ऱ्हायचं. रविवारी निघू. घराला कुलूप लावू." भाभीला बी कळत हुतं.

पर तिची नजर ठोंबावर. घराला कुलूप म्हंजे आंघोळ बंद. आंघोळ बंद म्हंजे पाणी बंद. म्होरं चैत्र-वैशाख. जेठाआधी तो काडीगत वाळणार, हे सांगायला जोशी नगं. तिच्या आईची मुळी, समद्या गल्लीच्या पोरांचं पाणी प्यालेली.

वसीम म्हणाला, "अम्मी, बादलीत घालून नेऊ की." तर म्हणाली, "मी चोरून आणलीया. माझ्याच हातानं उपटून नेली तर लागायची न्हाई. ती इथनं कुणीतरी चोरून न्यायला पायजे." माझ्याकडं बघितलं न्हाई. बघितलं असतं तर ते मागितल्यागत झालं असतं.

मी भिंतीच्या अलीकडं उभी हुते. समदं ऐकत हुते.

घरात येऊन समीक्षाला सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, एवढं काय त्यात? औंधच्या रस्त्याला नर्सरी हाय, तिथं पिशवीत लावलेला मिळतोय."

"तुझी आई बी नर्सरीत मिळंल, आणू का दुसरी?" मी म्हटलं. जरा जास्तच बोलले. पोरगी हिरमुसली. मग मी तिला जवळ बसवून समदं सांगितलं, बापाच्या पागोट्यापासनं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मग चोरा की आत्या."

"सबूद दिलाय."

"कुणाला दिलाय?"

आता बघा, कुणाला म्हणून सांगू? बापाला म्हणावं तर बाप जाऊन तीस वर्सं झाली. भाभीला म्हणावं तर भाभीलाच तो मोडून पायजे हुता. मग मी कुणासाठी धरून बसले हुते? रात्रभर हाच इचार. सकाळी भिंतीवर गाठ हुती, नेहमीपरास मोठी, चार पात्यांची. शेवटच्याच पाती त्या, म्हणून जास्त कापल्या असतील. मी चहा केला न्हाई. गाठ तशीच हातात धरून बसले.

शनिवारी दुपारी बघते तर न्हाणीच्या दगडावर खुरपं. आषाढ नव्हता, काय नव्हतं. दार लोटलेलं.

मी पदर खोचला. भिंतीला जिथं खिंड पडलीया तिथनं पलीकडं गेले. साठीची बाई मी, नातवंडं असलेली, पर छातीत असं धडधडत हुतं की वाटलं, दहा गावांना ऐकू जाईल. ठोंबाजवळ बसले. भिंतीकडच्या बाजूचा एक फुटवा धरला, म्हटलं, आता खुरपं मारावं. तर नुसता हिसका दिला आन मुळीसकट हातात आला. भाभी पडल्यापासनं तिथं कुणी आंघोळ केली नव्हती, चरातलं पाणी वाळून चार दिवस झालते, जमीन दगडागत हुती. म्हटलं, हातात अजून जोर हाय म्हणायचा. पात्यानं बोट कापलं तेवढंच.

आन तेवढ्यात सिमरन धुणं वाळत घालायला भाईर आली.

"काकी? काय करताय?"

एका हातात मुळी, एका हातात खुरपं, बोटातनं रगत. बापाचं पागोटं डोळ्यापुढं आलं. तोंडातनं निघालं ते असं निघालं, "चोरी करतीया."

पोरगी घाबरली. इस्लामपुरात वाढलेली, तिला हे काय ठावं? दारातनं आत वरडली, "अम्मी, अवो इकडं काकी..."

आतनं भाभीचा आवाज आला. "सिमरन, आत ये. तिकडं कोण न्हाई."

"अवो अम्मी, काकी उभ्या हायत, त्यांच्या हाताला..."

"मी सांगते न्हवं, तिकडं कोण न्हाई. आत ये आन दार लोट."

सिमरन माझ्याकडं बघत बघत आत गेली. दार लोटलं. मी त्या न्हाणीच्या दगडावर बसून रडले. आवाज न करता रडले, कारण मी तिथं नव्हतेच. आठ वर्साच्या पोरीला जे कुणी सांगायला पायजे हुतं ते मला साठीला ऐकायला मिळालं, की इथं कोण चोर न्हाई.

रविवारी भाभी गाडीत बसली. समदी गल्ली रडली. मला म्हणाली, "गुडघं जप. आन हात धूत जा गं, नखात माती हाय." बाकी एक सबूद न्हाई.

मुळीचं समदं तिच्याच पद्धतीनं केलं. वरची पात वितीएवढी ठेवून कापली. आमच्या बाथरूमाची पाईप समीक्षाच्या मागं लागून गटारात जायच्या आधी कापून घेतली, पाणी उघड्या चरात सोडलं. गवंडी म्हणाला, मावशी, लोक पाईप जोडाय बोलवत्यात, तुमी तोडाय बोलवलं. म्हटलं, तू तोड. तिथं मुळी लावली. पंधरा दिवस जीव वर-खाली. फुटवा पिवळा पडला, मला जेवण जाईना. धनाजी सुट्टीवर आलता, त्याला दिवसातनं दोन येळा आंघोळीला पाठवलं. तो म्हणाला, "आई, बॉर्डरवर बी एवढी ड्यूटी न्हाई." एक दिवस सकाळी मधनं हिरवं टोक निघालं, सुईएवढं. मी समीक्षाला हाक मारून दाखवलं. त्याच दिवशी जेवले पोटभर.

पलीकडचा मोठा ठोंब वैशाखात वाळला. त्याच्यावर पाणी मारून बघितलं मी भिंतीवरनं, पर एवढ्या मोठ्या जिवाला बादलीनं काय हुतंय.

भाभीचा फोन आठवड्याला यायचा. तिला इचारता येईना, मला सांगता येईना. चोरी झाली हे घरधन्याला कळता कामा नये ना. ती म्हणायची, "चहा पितीस न्हवं?"

"पिते की."

"कसला?"

"वासाचा."

मला तिचा श्वास ऐकू यायचा. मग म्हणायची, "बरं झालं." वसीमनं तिला कुठनं तरी गवती चहाची कुंडी आणून दिलती, तिसऱ्या मजल्यावर. ती म्हणाली, "दिसतोय तसाच, पर उकळला की नुसतं गवत."

कार्तिकात आमच्या गल्लीतल्या अर्जुनाच्या पोरीचं लगीन निघालं. त्या पोरीला भाभीनंच न्हाऊ घातलेलं, तवा ती येणारच. हातात काठी, गुडघ्याला पट्टा, पर आली. आदल्या रात्री आमच्याकडं ऱ्हायली. माझा ठोंब तवा मांडीएवढा झालता. भाभीनं त्याच्याकडं बघितलं सुद्धा न्हाई. बायकांत इकडचं तिकडचं बोलली, माझ्याकडं पाठ करून. पर चहाचा पैला घोट घेतला आन कप तसाच धरून डोळं मिटलं. बराच येळ मिटलं.

सकाळी ती उठायच्या आधी मी भाईर गेले. इचार केला, ही दुपारी मुळी घेणार, पर हिला खाली बसता येत न्हाई. वाकून खुरपं मारायचं म्हंजे गुडघ्याचं काम. मदत करावी तर ती दिल्यागत हुईल. मग मी लोखंडी पार घेतली आन काठावरचा एक चांगला जाड फुटवा धरून त्याच्या चौअंगाची माती खोल खालपतोर मोकळी केली. वर वाळकी माती भुरभुरली, म्हंजे दिसायला नगं. हिसका दिला की आला पायजे.

आन तिथंच हातात पार धरून मी खाली बसले.

माझ्या हिसक्याला मुळी कशी आलती? जमीन दगडागत हुती. फुटवा भिंतीकडचा, माझ्याच बाजूचा. गुडघा गेलेली बाई, तिला तर धड उभं बी ऱ्हाता येत नव्हतं. कवा उकरलं असंल तिनं, आन कशी बसली असंल तिथं? मी आपली हातात जोर हाय म्हणून आठ महिनं मिरवत हुते. येडी ती येडीच मी. मग मनात आलं, त्या एकाच वर्सी उकरलं असंल का? का दर आषाढात भिंतीकडचा एक फुटवा मोकळा करून ठेवत हुती, आन मी अलीकडं भाकरी थापत बसले हुते? हे मी तिला कवाच इचारणार न्हाई. इचारायची सोयच न्हाई.

लगीन लागलं. जेवणं झाली. दुपारी मी चराजवळच्या दगडावर खुरपं ठेवलं. भाभी वसरीवर बसली हुती. म्हटलं, "भाभी, मी जरा पडते. डोकं दुखतंय." ती म्हणाली, "पड की." मी समीक्षाला आत घेतलं आन दार लोटलं.

आत अंधारात आमी दोघी उभ्या. काठीचा आवाज आला, टक, टक, चराकडं गेला. थांबला. मग भाभी कण्हली, "या अल्ला." गुडघा वाकवायला बघत असंल. परत कण्हली. समीक्षाच्या डोळ्यात पाणी आलं, ती कडीला हात घालून म्हणाली, "आत्या, पडतील त्या. मी जाऊन धरते."

मी तिचा हात धरला. "थांब. भाईर कोण न्हाई."

"आत्या..."

"मी सांगते न्हवं, कोण न्हाई."

माझा सोताचा जीव दाराच्या पलीकडं गेलता. पर मी हात सोडला न्हाई. मग माती सुटल्याचा बारीक आवाज आला. एकच हिसका. त्याच्यामागनं काय तरी आलं, ते हासणं हुतं का रडणं, मला सांगता यायचं न्हाई. तिला बी कळलं असणार, जमीन कुणी मोकळी केली ते.

काठी टक, टक करत वसरीवर आली. पिशवीची चेन वाजली. जरा येळानं हाक आली, "सुला, उठलीस का? आता माझी गाडी यायची येळ झाली. चहा टाक की."

मी दार उघडलं. भाभी भिंतीला टेकून बसली हुती, नखात माती, मांडीवर पिशवी. पिशवीतनं हिरवी पात चार बोटं भाईर आलती. मी तिकडं बघितलं न्हाई. दोन पाती कापली, धुतली, गाठ मारली आन आधण ठेवलं.